घरांतील ऊब : गॅसची कीं विजेची?

घर ऊबदार ठेवण्यास गॅस बरा कीं वीज बरी, असा विषय घेऊन मराठवाड्यांतील एका निवृत्त शिक्षकानें बोलावयास बसावें, याचें कांहीं श्रोत्यांना हसूं येईल. लंडनच्या माणसाला हा प्रश्न शोभतो. तिकडे हिवाळ्यांत भिंतीलगतच्या नळ्यांतून ऊन पाणी खेळवून खोल्या तापवाव्या लागतात, आणि तें पाणी गॅसवर तापवावें कीं विजेवर, याचा खल घरोघर चालतो. आमच्या नांदेड-लातुराकडे वैशाखांत पारा ४२ अंशांवर चढतो. घर थंड कसें ठेवावें हीच आमची खरी विवंचना. थंडी येते ती मार्गशीर्ष-पौषांत, चार-सहा आठवड्यांच्या पाहुणीसारखी. पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, आणि संक्रांत सरली कीं ती परतीच्या वाटेला लागते. एवढ्यासाठीं खोल्या तापविणारा गृहस्थ आमच्यांत विरळाच.

परंतु थोडा विचार केला तर ऊब आपणहि विकतच घेतों. आपण भिंती ऊन करीत नाहीं, अंघोळीचें पाणी ऊन करतों; खोली तापवीत नाहीं, तवा तापवितों. महिन्याच्या खर्चाची वही उघडून पाहिली, तर गॅसच्या टाकीचे आणि विजेच्या बिलाचे जे रुपये पडतात, त्यांतील बराच भाग या उष्णतेचा असतो. तेव्हां प्रश्न आपलाहि आहे; फक्त तो दिवाणखान्यांतला नसून न्हाणीघरांतला व स्वयंपाकघरांतला आहे.

मीं सुमारें तीस वर्षें मुलांना गणित व विज्ञान शिकविलें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें व त्यापुढें अध्यापनाच्या प्रशिक्षणाचें; त्यामुळें विद्वत्तेचा आव मी आणणार नाहीं. मात्र गुणाकार-भागाकार मला येतात, आणि या बाबतींत माझ्या हातून घडलेली एक चूक मला ठाऊक आहे. एवढ्याच भांडवलावर आज मी आपल्याशीं बोलणार आहें.

माझें बालपण नांदेड जिल्ह्यांतील एका खेड्यांत, माळवदाच्या घरांत गेलें. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. या मातीच्या छपरांत मधोमध एक भोंक ठेवलेलें असे. त्याला आमच्याकडे सवणें म्हणतात. सवण्यांतून उजेड खालीं येई आणि चुलीचा धूर वर जाई. पाऊस आला कीं माळवदावर चढून त्यावर पत्रा झांकावयाचा व उघडीप झाली कीं तो काढावयाचा, हें काम आम्हां मुलांकडे असे. अंगणांत तांब्याचा बंब होता. त्याच्या पोटांत तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्यांचे तुकडे, जें शेतांतून फुकट येई तें सारें जळे. पाणी घंगाळांत काढून घ्यावयाचें, विसण घालावयाचें, आणि धुरानें डोळे पुशीत अंघोळ उरकावयाची. त्या उष्णतेची किंमत रुपयांत नव्हती. ती आईच्या डोळ्यांतल्या पाण्यांत होती. जुन्या दिवसांची तरफदारी करण्याचा माझा विचार नाहीं, हें येथेंच सांगून टाकतों.

खोली तापविण्याचा प्रसंग आमच्याकडे एकच येई, तो बाळंतपणाचा. बाळंतिणीच्या बाजेखालीं निखाऱ्यांची शेगडी ठेवीत, तिच्यावर ओवा-शेपा टाकीत, दाराला जाड पडदा लावीत. सवण्यावरचा पत्रा मात्र माझी आजी अशा वेळीं कोणाला झांकूं देत नसे. पाऊस आला तर खालीं परात ठेवी. आजी निरक्षर होती. कार्बन मोनॉक्साइड हें नांव तिच्या कानांवर कधींच पडलें नाहीं. पण विस्तवाला वर वाट असावी, एवढें ती प्रत्येक बाळंतपणांत बजावून सांगे. तिच्या या सांगण्याची किंमत मला फार उशिरां कळली. तें पुढें सांगेन.

माळवद आतां मागें पडलें, आणि तें योग्यच झालें. १९९३ सालच्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गांवें जमीनदोस्त केलीं. दगडमातीच्या भिंती व त्यांवरील मातीचें ओझें अंगावर येऊन हजारों माणसें झोपेंतच गेलीं. ती पहाट ज्यानें पाहिली त्याला माळवदाखालीं पुन्हां निजवेना. घरोघर सिमेंटचे स्लॅब आले. माळवद गेलें, त्याबरोबर सवणेंहि गेलें. आणि घरांतील विस्तव मात्र तसाच राहिला. त्यानें रूप तेवढें बदललें.

हें रूप कसें बदललें तें थोडक्यांत पाहूं. चुलीनंतर रॉकेलचा स्टोव्ह आला. द्रवरूप पेट्रोलियम वायूच्या टाक्या इंडियन ऑइलनें 'इंडेन' या नांवानें १९६५ सालीं कलकत्त्यास प्रथम दिल्या. आमच्यासारख्या आडबाजूच्या गांवांना त्या दिसावयास पुढें बराच काळ लागला. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, आणि टाकी घरांत आली कीं तिला हळदकुंकू वाहिलें जाई. २०१६ सालीं उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून खेड्यांतील गरिबांच्या घरींहि टाकी पोंचली. विजेची गोष्ट अशीच. परळीचें औष्णिक वीजकेंद्र १९७१ सालीं सुरू झालें, तारा गांवोगांव गेल्या. पण त्या तारांतून वीज नेहमीं येईलच अशी खात्री पुष्कळ वर्षें नव्हती. भारनियमन हा शब्द आमच्या मुलांना बाराखडीबरोबरच पाठ झाला होता. आतां स्थिति पुष्कळ सुधारली आहे, म्हणूनच निवड करण्याचा प्रश्न उभा राहिला.

हा प्रश्न माझ्याच घरांत उभा राहिला. मी लातूरला मुलापाशीं राहतों. मुलगी नांदेडला असते. मुलानें न्हाणीघरांत गॅसचा गीझर बसविला होता, मुलीकडे विजेचा होता. दिवाळींत सारीं एकत्र जमलीं कीं नरकचतुर्दशीच्या पहाटे, अंगाला उटणें लावतां लावतां, भावंडांची जुंपे.

"ताई, तुझ्या मीटरचा लाल दिवा पाहिलास का? काजव्यासारखा लुकलुकतो," मुलगा म्हणे.

"आणि तुझी टाकी? घरांत पाहुणे भरले कीं नेमकी संपते," मुलगी म्हणे. मग दोघेंहि माझ्याकडे वळत : "अण्णा, तुम्हीच हिशेब करा."

तो हिशेब मीं केला. तो सोपा आहे. कागद-पेन्सिल जवळ असेल तर आपणहि बरोबर करा.

एक लिटर पाणी एक अंशानें तापवावयास एक किलोकॅलरी उष्णता लागते. आपली बादली २० लिटरांची धरूं आणि थंडींतील पाणी २५ अंशांनीं तापवावयाचें आहे असें मानूं. २० गुणिले २५, म्हणजे ५०० किलोकॅलरी झाल्या. विजेच्या एका युनिटांत ८६० किलोकॅलरी असतात. तेव्हां बादलीला ०.५८ युनिट, त्यांत गीझरच्या टाकींतून व नळींतून वाया जाणारी उष्णता धरली तर सुमारें ०.६५ युनिट. ही झाली विजेची बादली.

आतां गॅस. घरगुती टाकींत १४.२ किलो गॅस असतो. एक किलो गॅस जळाला कीं सुमारें १०,८०० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे पूर्ण टाकींत दीड लाखांहून कांहीं अधिक. परंतु ज्योतीची सगळी उष्णता पाण्यांत उतरत नाहीं; चांगल्या गीझरमध्यें शंभरांतील ऐंशी भाग उतरतात असें धरूं. त्या हिशेबानें एका टाकींत सुमारें २४० बादल्या तापतात. तेवढ्याच बादल्या विजेवर तापवावयाच्या तर २४० गुणिले ०.६५, म्हणजे १५६ युनिटें लागतील.

स्वयंपाकाचा हिशेब असाच. आपल्याकडील मानकाप्रमाणें गॅसच्या शेगडीनें शंभरांतील निदान ६८ भाग उष्णता भांड्याला दिली पाहिजे. इंडक्शनची शेगडी ८५ भागांपर्यंत देते. येथें एका टाकीची बरोबरी सुमारें १४२ युनिटें करतात. न्हाणीघरांत १५६, स्वयंपाकघरांत १४२. दोहोंमधला, लक्षांत ठेवावयास सोपा आंकडा १५०. घरांतील उष्णतेपुरतें बोलावयाचें तर गॅसची एक टाकी म्हणजे विजेचीं दीडशें युनिटें. एवढें एक सूत्र आपण पाठ केलें तर दुकानदाराची पुस्तिका वाचण्याची गरज उरणार नाहीं.

या सूत्राचा उपयोग असा. आपण टाकीला जी रक्कम मोजतां तिला १५० नें भागा. समजा, टाकी ९०० रुपयांस पडली. भागाकार ६ येतो. तर वीज सहा रुपये युनिटाच्या खालीं मिळत असेल तर विजेनें पाणी तापविणें स्वस्त, आणि सहाच्या वर असेल तर गॅस स्वस्त. टाकीचा भाव बदलला कीं भागाकार पुन्हां करावा. त्यासाठीं मॅट्रिक होण्याचीहि आवश्यकता नाहीं.

आतां आपल्याला वीज कोणत्या दरानें मिळते? येथें पुष्कळ सुशिक्षित माणसेंहि चुकतात. तीं बिलाची सारी रक्कम घेतात, तिला युनिटांनीं भागतात, आणि सरासरी काढतात. सरासरी येथें उपयोगाची नाहीं. महावितरणचे घरगुती दर पायऱ्यापायऱ्यांचे आहेत : पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच चढा, त्यापुढें आणखी चढा. दिवे, पंखे, शीतकपाट यांशिवाय तर घर चालत नाहीं. तेव्हां गीझरचीं युनिटें हीं वरच्या पायरीवर जाऊन बसणारीं युनिटें होत. त्यांना जो दर लागतो तोच हिशेबांत धरला पाहिजे, आणि त्याच्या जोडीला वहन आकार, इंधन समायोजन आकार व वीज शुल्कहि धरलें पाहिजे. स्थिर आकार मात्र सोडून द्यावा. गीझर असो वा नसो, तो द्यावाच लागतो.

पांच माणसांच्या घरांत रोज पांच बादल्या धरा. रोजचीं सव्वातीन युनिटें, महिन्याचीं सुमारें ९८. म्हणजे नुसत्या अंघोळीनें एक अख्खी पायरी खाऊन टाकली. ज्या घरांत एरवीं ९० युनिटें जळतात, तें घर गीझरमुळें १९० वर जाईल, आणि पाणी तापविण्याचा जवळजवळ सर्व खर्च दुसऱ्या पायरीच्या दरानें होईल. उलट, दोनच वृद्ध माणसें राहतात, महिन्याला ५० युनिटेंहि जळत नाहींत, अशा घरांत गीझरचीं ४० युनिटें पहिल्या पायरींतच सामावतात. तेथें वीज महाग पडत नाहीं. एकाच गल्लींत, शेजारीं-शेजारीं असलेल्या दोन घरांसाठीं या प्रश्नाचीं दोन उत्तरें असूं शकतात, तीं यामुळें.

माझ्या घरचा निकाल असा लागला. आम्हीं लातूरला सहा माणसें. तेथें गॅस स्वस्त पडला. मुलीकडे नांदेडला तीनच माणसें. तेथें फरक इतका थोडा निघाला कीं भांडण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. मुलगा खूष झाला. हिशेबाचा कागद त्यानें कांहीं दिवस शीतकपाटाच्या दाराला चिकटवून ठेवला होता.

त्या कागदांत कांहीं गोष्टी मीं धरल्या नव्हत्या. त्यांतील दोन लहान आहेत, त्या आधीं सांगतों. एक, आमचें पाणी. लातूरकडे विंधनविहिरी खोल गेल्या आहेत आणि त्यांचें पाणी जड. असें पाणी तापलें कीं त्यांतील क्षार पांढऱ्या खपलीच्या रूपानें बाहेर पडतात. विजेच्या गीझरमध्यें तें पुट तापणाऱ्या सळईवर बसतें. सळई आंतून तापून लवकर जळते. गॅसच्या गीझरमध्यें पाण्याच्या बारीक नळ्या बुजतात. दोहोंचीहि दरवर्षीं थंडीच्या आधीं सफाई करावी लागते, आणि ती न केली तर माझें दीडशेंचें सूत्र खोटें ठरतें. दुसरी गोष्ट, वीज स्वच्छ व गॅस मळका, ही समजूत. विजेला घरांत धूर नाहीं हें खरें. पण आपल्याकडील बरीच वीज अजून कोळशावर होते, आणि कोळशाच्या केंद्रांत तीन भाग उष्णता जळावी तेव्हां एक भाग वीज हातीं येते. तिला पाणीहि लागतें. २०१३ सालीं दुष्काळांत पाण्याअभावीं परळीचे संच बंद ठेवावे लागले होते. गॅसची बाजू घेणाऱ्यांनींहि फार हुरळून जाऊं नये. देशाला लागणारा अर्ध्याहून अधिक गॅस परदेशांतून येतो.

परंतु जी मोठी गोष्ट मीं हिशेबांत धरली नव्हती, ती हवा. ती धरण्याचें राहिलें, आणि त्याची शिक्षा माझ्या नातवाला होतां होतां टळली.

ती जानेवारींतील एक सकाळ होती. आदल्या आठवड्यांत मला पडसें होऊन छाती भरली होती. आमच्या न्हाणीघराला वर एक हातभर झरोका आहे; त्यांतून पहाटेचा गार वारा अंगावर येई. मीं स्टुलावर चढलों आणि एक जुनें पोतें घडी करून त्या झरोक्यांत घट्ट बसविलें. अंघोळ सुखाची झाली. सूनबाई म्हणाल्याहि, "अण्णा, झरोका बंद करूं नये म्हणतात." मीं म्हटलें, "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे." तीस वर्षें शिकविलेला माणूस शिकवून घ्यावयास राजी नसतो.

दुसऱ्या दिवशीं नातू शाळेच्या घाईंत अंघोळीस गेला. तो बारा वर्षांचा. आंतून पाण्याचा आवाज येत होता, गीझरची घरघर चालू होती, म्हणून कोणाचें लक्ष गेलें नाहीं. मग बादली उलटल्याचा आवाज झाला. मुलानें हांक मारली, ओ नाहीं. दोन हांका, तीन हांका. दाराची कडी हलकी होती हें आमचें भाग्य. खांद्याच्या एका धक्क्यासरशीं ती निघाली. पोरगा भिंतीला टेकून घसरलेला, मान एका बाजूला, डोळे अर्धवट मिटलेले. मुलानें त्याला उचलून अंगणांत आणलें, सूनबाईंनीं गॅसचा कॉक बंद केला. मी काय केलें म्हणाल, तर कांहींच नाहीं. मी त्या झरोक्यांतील पोत्याकडे पाहत उभा होतों.

उघड्या हवेंत कांहीं मिनिटांनीं त्यानें डोळे उघडले. डोकें फार दुखतें म्हणाला, ओकारी झाली. दवाखान्यांत नेऊन प्राणवायु दिला, संध्याकाळीं तो घरीं आला. आज तो धडधाकट आहे. डॉक्टरांनीं फक्त एवढेंच विचारलें, "खिडकी बंद होती का?" उत्तर मुलानें दिलें नाहीं, सूनबाईंनींहि दिलें नाहीं; तें मीं दिलें.

यांतील शास्त्र मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. जळत्या मेणबत्तीवर पेला पालथा घालावयाचा आणि ज्योत विझतांना मुलांना दाखवावयाची, हा प्रयोग मीं दरवर्षीं वर्गांत केला होता. ज्योतीला हवा लागते, हवा कोंडली कीं ज्योत मरते, हें मीं शेंकडों मुलांकडून घोकून घेतलें. न्हाणीघर हा एक मोठा पेला आहे आणि त्यांत मेणबत्तीबरोबर माणूसहि आहे, हें मात्र माझ्या मनांत आलें नाहीं.

तें आतां आंकड्यांत मांडून दाखवितों. एक किलो गॅस पुरता जळावयास सुमारें १२ घनमीटर, म्हणजे ४२० घनफूट हवा लागते. मिनिटाला सहा लिटर ऊन पाणी देणारा गीझर पूर्ण जोरानें चालला तर तासाला साधारण एक किलो गॅस खातो. दहा मिनिटांत त्याला ७० घनफूट हवा हवी. चार फूट रुंद, सहा फूट लांब, आठ फूट उंच न्हाणीघरांत हवा असते १९२ घनफूट. म्हणजे एका माणसाची अंघोळ होईतों गीझरनें तिसऱ्या हिश्श्याहून अधिक हवा वापरली, आणि वापरलेली हवा तेथेंच सोडली. पुढें प्राणवायु अपुरा पडला कीं गॅस नीट जळत नाहीं आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु तयार होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. गॅस गळला तर आपल्याला वास येतो, कारण त्यांत उग्र वासाचें द्रव्य मुद्दाम मिसळलेलें असतें. जळून झालेल्या या विषाला मात्र तो वास नसतो. रक्तांतील ज्या द्रव्याला प्राणवायु चिकटतो, त्याला हा वायु दोनशेंपटींहून अधिक घट्ट चिकटतो, व प्राणवायूला जागा ठेवीत नाहीं. माणसाला गुदमरल्यासारखेंहि वाटत नाहीं. डोकें जड होतें, गरगरतें, पाय लटके पडतात, आणि कडी काढण्याचें बळ उरत नाहीं. थंडीच्या दिवसांत वर्तमानपत्रांत न्हाणीघरांतील मृत्यूच्या ज्या बातम्या येतात, त्यांतील कित्येकांचें मूळ हेंच असतें. बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून निजणाऱ्यांचा घात करतो तोहि हाच वायु. माझी आजी सवण्यावरचा पत्रा कां झांकूं देत नसे, तें मला अशा रीतीनें साठीनंतर समजलें.

म्हणून, ज्यांच्या घरीं गॅसचा गीझर आहे त्यांना माझें कळकळीचें सांगणें आहे. गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेंत बसवा आणि फक्त ऊन पाण्याची नळी आंत घ्या. हें शक्यच नसेल तर जळालेली हवा बाहेर नेणारी नळी त्याला असलीच पाहिजे, आणि खालीं-वर दोन झरोके कायम उघडे असले पाहिजेत. टाकी कधींहि आंत ठेवूं नका. हा गॅस हवेपेक्षां जड असल्यामुळें गळला तर जमिनीलगत सांचून राहतो. बादली आधीं भरून घ्या, गीझर बंद करा, आणि मग कडी लावा. आंतील माणसानें ओ दिली नाहीं तर विचार करीत बसूं नका. दार उघडा, माणूस बाहेर आणा, गॅस बंद करा, आणि तडक दवाखाना गांठा.

विजेचा गीझर हवा खात नाहीं, हा त्याचा फार मोठा गुण. पण तोहि अगदींच गाय आहे असें समजूं नये. दोन हजार वॅटचा गीझर जवळजवळ नऊ अँपियर प्रवाह ओढतो. त्याला दिव्याच्या बारीक वायरीवर जोडणें म्हणजे आग लावून घेणें होय. त्याला जाड वायर, १६ अँपियरचा सॉकेट आणि खरोखर जमिनींत गेलेलें अर्थिंग पाहिजे. जुन्या घरांत तिसऱ्या भोंकाला पुष्कळदां मागें तारच नसते. जाणत्या कारागिराकडून तें तपासून घ्यावें. गळती होतांच प्रवाह तोडणारें ३० मिलिअँपियरचें यंत्र बसवावें. बादलींत सोडावयाच्या सळईबद्दल तर एकच नियम आहे : बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्याला बोट लावावयाचें नाहीं. पाणी तापलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं चालू सळईच्या बादलींत हात घालून जीव गमावलेलीं माणसें थोडीं नाहींत.

मग अखेर बरें काय? माझें उत्तर मी चार वाक्यांत देतों. न्हाणीघर कोंडलेलें असेल, गीझर बाहेर बसविण्याची सोय नसेल, तर हिशेबाचा कागद बाजूला ठेवून वीजच घ्यावी. तेथें गॅसनें वांचणारा पैसा हा वांचलेला पैसा नव्हे. घराला पडवी किंवा मोकळी गच्ची असेल, माणसें पुष्कळ असतील, तर दीडशेंचा भागाकार करून खुशाल गॅस घ्यावा. स्वयंपाकघरांत दोन्हीं ठेवावीं. दूध, चहा, भात विजेच्या शेगडीवर चांगला होतो, पण ज्वारीची भाकरी फुगावयास ज्योतच हवी, आणि वीज गेली तर चूल बंद पडत नाहीं. आणि ज्यांच्या डोक्यावर स्वतःचें छप्पर आहे त्यांनीं सूर्याला विसरूं नये. आमच्या मराठवाड्यांत पाऊस हात आखडता घेईल, पण ऊन कधींच नाहीं, आणि तांब्याच्या नळ्यांच्या सौर पेटीवर पावसाळ्याचे ढगाळ दिवस वगळतां बादलीभर पाणी जवळजवळ फुकट तापतें.

आणखी एक गोष्ट लातूरकरानेंच सांगावी अशी आहे. २०१६ सालच्या एप्रिलमध्यें आमच्या शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. त्या उन्हाळ्यांत आम्ही एका बादलींत घरभराचीं तोंडें व हातपाय धुतले. ज्यानें ते दिवस पाहिले त्याला ठाऊक आहे कीं २० लिटर पाण्यांत माणसाची अंघोळ पुरती होते. वरून धो धो सोडलेल्या फवाऱ्याखालीं दहा मिनिटें उभें राहिलें तर तीन बादल्या सहज जातात, आणि त्या तिन्हीं तापवाव्या लागतात. न तापविलेल्या पाण्याइतकी स्वस्त उष्णता गॅसवाल्याजवळहि नाहीं आणि वीजमंडळींजवळहि नाहीं.

माझ्या मुलानें त्या प्रसंगानंतर गीझर काढून मागच्या उघड्या पडवींत बसविला. झरोक्याचें पोतें मीं स्वतः काढलें, आणि पुन्हां कोणाला तें सुचूं नये म्हणून तेथें सिमेंटची जाळी बसवून घेतली. पावसाळ्यांत तिच्यांतून झड आंत येई, तेव्हां सूनबाईंनीं बाहेरून वर पत्र्याची झांप लावून घेतली. जाळी मात्र बुजविली नाहीं. थंडींत तिच्यांतून गार वारा येतोच. तो अंगावर आला कीं मी कुरकुरत नाहीं.

माझी वेळ संपत आली. उद्यां सकाळीं अंघोळीस जाण्यापूर्वीं, श्रोतेहो, आपल्याहि न्हाणीघराचा झरोका एकदां वर मान करून पाहून घ्या. कोणीं त्यांत कांहीं कोंबून ठेवलें असेल, तर तें काढून टाका.